दहावीची मुलगी रात्री बारापर्यंत जागते, तरी सहामाहीत गुण घसरले. काय कमी करावं?

दहावीची_आई
मुलगी मराठी माध्यमात दहावीला आहे. सकाळी साडेसहा ते आठ क्लास (सोमवार ते शुक्रवार, भाषा आणि समाजशास्त्र), अकरा ते पाच शाळा, शनिवारी सकाळची शाळा. संध्याकाळी सहा ते आठ गणित-विज्ञानाचा क्लास, सहाही दिवस. रविवारी तीन तासांची टेस्ट. जेवून साडेनऊला अभ्यासाला बसते, बाराला झोपते, पावणेसहाला उठते. टाळाटाळ अजिबात नाही, पण सहामाहीत विज्ञान आणि भूमितीत नववीपेक्षा कमी गुण आले. "वाचलेलं पेपरात आठवत नाही" म्हणते. डोकं दुखतं, चिडचिड वाढली आहे. घरचे म्हणतात, प्रिलिमपर्यंत अजून एक क्लास लावा. जाणकारांनी सांगावं.

खडूफळा
ताई, आधी बेरीज करा. शाळेचे आठवड्याला 34 तास, क्लासचे साडेसात अधिक बारा अधिक रविवारचे तीन, म्हणजे साडेबावीस. एकूण साडेछप्पन तास ती दुसऱ्याचं ऐकत किंवा पेपर देत बसते. स्वतः आठवून लिहायला उरते ती रात्री साडेनऊनंतरची वेळ, तीही दमलेल्या डोक्याने. अजून एक क्लास लावला तर तेवढीही जाईल.

झोपेचा हिशोब त्याहून वाईट आहे. 13 ते 18 वयाला 8 ते 10 तास झोप लागते. तुमची मुलगी पावणेसहा तास झोपते, म्हणजे किमान गरजेपेक्षा रोज सव्वादोन तास कमी. सहा दिवसांत साडेतेरा तासांची तूट, ती रविवारी दुपारी झोपून भरत नाही. दिवसभर शिकलेलं पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेतच होतं. "वाचलेलं आठवत नाही" याचं अर्धं उत्तर इथेच मिळेल. आणखी एक, या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोप उशिरा येते. त्यामुळे पहाटे उठवलं म्हणून ती रात्री लवकर झोपेल असं होत नाही, फक्त झोप तुटते.

कापायचा असेल तर सकाळचा क्लास कापा. मराठी, हिंदी, इंग्रजीच्या कृतिपत्रिका सरावाच्या असतात, आणि हा सराव शाळेच्या बाईंकडून तपासून घेता येतो. इतिहास-भूगोलाला पाठ्यपुस्तक आणि त्यातले स्वाध्याय पुरे. मग वेळापत्रक असं बसतं: सात वाजता उठणं, आठ ते पावणेदहा स्वतःचा अभ्यास (ताज्या डोक्याचे हे पावणेदोन तास भूमितीला), रात्री पावणेनऊ ते सव्वादहा लेखन आणि उजळणी, पावणेअकराला दिवा बंद. झोपेची वेळ एकदम सव्वा तासाने ओढू नका, दर दोन-तीन दिवसांनी पंधरा-वीस मिनिटं अलीकडे आणा. रविवारी रोजच्यापेक्षा तासाभराहून जास्त उशिरा उठू देऊ नका, नाहीतर सोमवारी पुन्हा पहिले पाढे.

शिस्त_हवीच
दहावी आहे, थोडं जागरण चालतंच. आमच्या पिढीला कुणी झोपेचे तास मोजून दिले नव्हते.

खडूफळा
परीक्षेच्या आदल्या रात्री तासभर जागली तर आभाळ कोसळत नाही. इथे प्रश्न जूनपासून रोज जागण्याचा आहे, आणि गुण खाली गेलेत.

भूमितीवाले
झोप सुधारली तरी अभ्यासाची पद्धत तीच राहिली तर फार फरक पडणार नाही. बहुतेक मुलं गाईडमधलं उत्तर तीनदा वाचतात, ते ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं म्हणजे येतंय असा समज होतो. पेपरात मात्र समोर काहीच नसतं.

उपाय असा. धडा एकदा वाचला की पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर दहा मिनिटं आठवेल ते लिहायचं: व्याख्या, सूत्रं, आकृती. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनने भरायचं. तोच कागद दुसऱ्या दिवशी, तीन दिवसांनी आणि आठवड्याने पुन्हा कोरा घेऊन लिहायचा. पहिल्या वेळी निम्मंसुद्धा येत नाही आणि मुलं हिरमुसतात. हे तिला आधीच सांगून ठेवा.

विज्ञानात गुण कुठे जातात हे उत्तरपत्रिकेवरून शोधा. भिंगांच्या गणितात दोन चुका हमखास होतात. एक, चिन्ह संकेत: अंतर्गोल भिंगाचं नाभीय अंतर ऋण घ्यायचं असतं. दुसरी, शक्ती काढताना नाभीय अंतर मीटरमध्ये न बदलणं. 50 सेंमी म्हणजे 0.5 मी, शक्ती 2 डायॉप्टर. सेंटीमीटर तसेच ठेवले की उत्तर 0.02 येतं आणि मुलांना त्यात काही खटकत नाही. भूमितीत समरूपतेच्या सिद्धतेत कोनांच्या जोड्यांची कारणं कंसात लिहिली जात नाहीत, किंवा शिरोबिंदूंचा क्रम चुकतो आणि पुढची सगळी गुणोत्तरं बिघडतात.

एक वही फक्त चुकांची करा. तीन रकाने: प्रश्न, काय चुकलं, का चुकलं. "का" मध्ये "निष्काळजीपणा" लिहायला बंदी. "एकक बदललं नाही", "प्रश्नातलं 'नाही' वाचलं नाही", "वेळ संपली" असंच लिहायचं. रविवारची टेस्ट सोडवून ही वही भरली नाही तर त्या तीन तासांतून फारसं काही हाती लागत नाही.

टक्केवारीचा बाऊही थोडा कमी करा. सहापैकी सर्वोत्तम पाच विषय धरून 500 पैकी टक्के निघतात. एक भाषा जड जात असेल तर तिच्यापायी विज्ञानाचा वेळ घालवू नये. उत्तीर्ण होण्यापुरती तयारी मात्र हवीच.

दवाखाना_गल्ली
डोकेदुखी आणि चिडचिड नुसती अभ्यासाची समजू नका. डोळे तपासून घ्या, फळ्यावरचं अंधुक दिसत असेल तर मुलं ते सांगत नाहीत, शेजारणीच्या वहीतून उतरवतात. सोबत रक्ताची साधी तपासणी करा. या वयाच्या मुलीचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. जिना चढताना धाप लागणं, उठल्यावर चक्कर येणं, खडू किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटणं ही त्याची लक्षणं.

शाळेत आठवड्याला एकदा निळी गोळी देतात. तीत 60 मिग्रॅ लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असतं. बऱ्याच मुली ती दप्तरात ठेवून देतात, कारण रिकाम्या पोटी घेतल्यावर मळमळतं. जेवणानंतर घ्यायची, आधी-नंतर तासभर चहा किंवा दूध नको, लिंबूपाणी चालेल. शौचाला काळं झालं तर घाबरू नका. हिमोग्लोबिन कमी निघालं तर आठवड्याच्या एका गोळीने भागत नाही, डोस डॉक्टर ठरवतील. आणि सकाळी चहा-बिस्किटावर क्लासला जात असेल तर ते आधी बंद करा.

रेंज_नाही
अभ्यास साडेनऊलाच का सुरू होतो, ते पाहिलंत का? बऱ्याच घरांत फोन वडिलांचा असतो, ते आल्यावरच क्लासच्या ग्रुपवरचे नोट्सचे फोटो मिळतात, मग उतरवण्यात अकरा वाजतात. उतरवणं म्हणजे अभ्यास नव्हे. क्लासच्या सरांना सांगून आठवड्याच्या नोट्सची छापील प्रत घ्या, झेरॉक्सचे पैसे जागरणापेक्षा स्वस्त पडतात.

फोन तिचा स्वतःचा असेल तर रात्री दहानंतर तो स्वयंपाकघरात चार्जिंगला. गजराचं साधं घड्याळ आणा, नाहीतर "गजर लावायचाय" म्हणून फोन उशाशी येतोच. नियम घरातल्या सगळ्यांना एकच, नाहीतर टिकत नाही.

खडूफळा
एक राहिलं. झोप आणि जेवण सुधारूनही दोन आठवड्यांहून जास्त काळ ती गप्प-गप्प असेल, मैत्रिणी टाळत असेल, हातावर ओरखडे दिसले, "मी नसते तर बरं" असं काही बोलली, तर वेळापत्रक बाजूला ठेवा. "तुला जगू नये असं वाटतं का?" असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. मुलं स्वतःही 1098 या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन करू शकतात.

दहावीची_आई
तसं काही बोललेली नाही, पण आज शांतपणे विचारते. रक्ततपासणी सोमवारी. नोट्स वडिलांच्या फोनवरच येतात, तेही बरोबर ओळखलंत. अडचण एकच, सकाळच्या क्लासची वर्षाची फी भरून झाली आहे.

भूमितीवाले
फी परत मागायला जाल तर वाद होईल. त्यापेक्षा असं मागा: सकाळची बॅच बंद, त्याऐवजी त्या विषयांच्या सराव कृतिपत्रिका घरी सोडवून देऊ, त्या तपासून द्या. सहसा क्लासवाले याला तयार होतात, त्यांनाही निकाल हवाच असतो.

दवाखाना_गल्ली
तपासणीला जाताना पाळी किती दिवस चालते, रक्तस्राव जास्त होतो का, हे तिला विचारून लिहून न्या. डॉक्टर ते विचारतीलच.