झाकीरभाई नेमके कोणाचे? (सोसायटीचा ग्रुप, १५-१६ डिसेंबर २०२४)

रविवार रात्र

बी-३०२: तबलावादक झाकीर हुसेन गेले. भावपूर्ण श्रद्धांजली.

सेक्रेटरी: थांबा हो. घरचे म्हणून राहिले, प्रकृती गंभीर आहे, प्रार्थना करा. हार घातलेले फोटो आधी डिलीट करा.

ए-४०१, काकाजी: जिवंत माणसाला हार घातला न बाप्पा! चॅनेलवाल्यांना एक रात्र दम निघत नाही.

सोमवार सकाळ

बी-३०२: आता कुटुंबानंच जाहीर केलं. सॅन फ्रान्सिस्कोत गेले. फुप्फुसांचा आजार होता. ७३ वर्षं.

डी-१०५, काकू: ॐ शांती. वाह ताज!

सी-२०४: काकू, चहाच्या जाहिरातीपुरतं नका ठेवू न त्यांना. आम्हा ड्रमवाल्यांसाठी जॅझमधला मोठा माणूस गेला.

काकाजी: जॅझमधला? उस्ताद अल्लारखांचा पोरगा, तबल्याचं पंजाब घराणं. जॅझवाला कधी झाला बे?

सी-२०४: १९७३ पासून, काकाजी. जॉन मॅक्लॉक्लिनची गिटार, एल. शंकरचं व्हायोलिन, पुढे विनायकरामांचा घटम आणि झाकीरभाई. बँडचं नाव ‘शक्ती’. नंतर चार्ल्स लॉइडच्या सॅक्सोफोनसोबत ‘संगम’, त्यात ड्रमवर एरिक हार्लंड. डेव्ह हॉलंड आणि ख्रिस पॉटरसोबत वेगळं त्रिकूट. याच फेब्रुवारीत एका रात्रीत ३ ग्रॅमी मिळाले, त्यातला एक शक्तीच्याच अल्बमला.

काकाजी: माहीत आहे. आता तुझ्या जन्माआधीचं ऐक. १९६८ मध्ये अमेरिकेचा जॅझ ड्रमर बडी रिच आणि अल्लारखां यांची एकत्र रेकॉर्ड आली. झाकीर तेव्हा १७ वर्षांचा. त्याच्या घरात जॅझ आधीच पाट मांडून बसलं होतं.

सी-२०४: म्हणजे माझंच म्हणणं झालं की!

काकाजी: अर्धं.

बी-१०२, ताई: आम्ही मुंबईत होतो तेव्हा ३ फेब्रुवारी म्हणजे षण्मुखानंद. अब्बाजींची, म्हणजे अल्लारखांची, बरसी. सकाळपासून रात्रीपर्यंत, कुठकुठले तालवादक यायचे. मला त्यांचं वाजवणं आठवतंच, पण दुसरा वाजवत असताना बाजूला बसून ऐकणारा तो चेहरा जास्त आठवतो. एखादी जागा आवडली की मान अशी उडायची, जणू पहिल्यांदाच तबला ऐकला!

सी-२०४: तेच ‘संगम’मध्ये आहे, ताई. लॉइड थांबला की हे लगेच जागा भरत नाहीत. रिकामी सोडतात. मग डाव्या हाताच्या डग्ग्यावर तळहाताची टाच घासून एकच घुमारा. मला पहिल्यांदा वाटलं, बास गिटार आहे.

काकाजी: हां, आता बोललास. याला संगत म्हणतात. तबल्याच्या क्लासमध्ये प्रत्येक पोराला तिहाई पाहिजे, एकच तुकडा तीनदा वाजवून संपवायचं, कारण टाळ्या पडतात. ठेका धरून समोरच्याचं ऐकणं कोणालाच नको असते. शिवकुमार शर्मांच्या संतूरसोबत काय बसायचा! आणि २०२२ मध्ये शिवजी गेले तेव्हा खांदाही दिला त्यानं. तो फोटो कोणाकडे असेल तर टाका. तो डिलीट करू नका.

डी-१०५, काकू: टाकते. पण आधी एक, आजपासून विधिमंडळाचं अधिवेशन आहे, सिव्हिल लाइन्सकडे जाणाऱ्यांनी लवकर निघा.

बी-३०२: आणि पाण्याच्या टाकीचं काय झालं?

सेक्रेटरी: टाकी बुधवारी धुणार. संगीतवाल्यांना शनिवारी संध्याकाळी क्लबरूम देतो, तिथे ऐका न सगळे. दहाला स्पीकर बंद म्हणजे बंद. सतरंज्यांच्या खोलीची चावी वॉचमनकडे.

सी-२०४: सुरुवात लॉइडपासून.

काकाजी: सुरुवात तीनताल सोलोपासून. पेशकार, कायदे, रेले, सोलोचे सगळे टप्पे नीट. ते कानात बसल्याशिवाय तुझ्या सॅक्सोफोनमागे तो काय करून राहिला ते कळत नाही.

बी-१०२, ताई: काकाजींचं बरोबर आहे. पण लॉइड नक्की लावा.

सी-२०४: मान्य. माझा ब्लूटूथ स्पीकर आणतो.

काकाजी: त्या डबीत डग्गा ऐकूच येत नाही. माझा जुना ॲम्प्लिफायर न्या, दोघं जण पाठवा.

सी-२०४: काकाजी, त्याला चौघं लागतात. गणपतीत उचलला होता. पाच वाजता येतो.