बन्या फेणेकडून काय घेतलंत?

पुण्याजवळच्या फुरसुंगीचा बनेश ऊर्फ बन्या फेणे, म्हणजेच पुस्तकांतला फास्टर फेणे. पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, काटकुळा, सायकल सुसाट सोडणारा आणि बोलता बोलता जिभेनं 'ट्टॉक्' करणारा. भा. रा. भागवतांनी (१९१०–२००१) वीसेक पुस्तकांतून त्याला पुण्याच्या गल्ल्यांपासून काश्मीरपर्यंत पळवला. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर सुमीत राघवन फास्टर फेणे झाला, २०१७ साली सिनेमात अमेय वाघ. म्हणजे आजीपासून नातवापर्यंत प्रत्येकाचा बन्या वेगळा.

तो मोठेपणी तुम्हाला नेमका कधी आठवला, ते लिहा. धाडस, चातुर्य वगैरे निबंधातले शब्द नकोत. काहीच घेतलं नसेल तर तेही सांगा. माझं सांगते: रिक्षात बसताना मी अजून नंबर पाठ करते. उपयोग कधी झालेला नाही.

सांगली, बँकेत रोखपाल

माझ्या काउंटरला एक निवृत्त मास्तर आले. मुदत ठेव मोडायची म्हणाले. रक्कम मोठी, मुदत संपायला थोडेच महिने उरलेले. अशा वेळी माणूस व्याज किती बुडेल ते आधी विचारतो. यांनी विचारलंच नाही. शर्टाच्या खिशात मोबाईल उभा, कॅमेरा बाहेर डोकावेल असा, आणि बोलताना नजर सारखी खिशाकडे. "पैसे कशाला हवेत काका?" तर लगेच "नातीचं लग्न". पाठ केल्यासारखं.

'डिजिटल अटक' म्हणून जी फसवणूक चालते तिच्याबद्दल आम्हाला परिपत्रक आलेलं होतं. पोलीस किंवा सीबीआयचे अधिकारी म्हणून फोन करतात, तुमच्या नावावर गुन्हा आहे सांगतात, फोन ठेवू देत नाहीत, घरच्यांशी बोलू देत नाहीत. पण परिपत्रक वाचणं वेगळं आणि समोरच्या माणसाचा घाम दिसणं वेगळं. मी तोंडानं "फॉर्म चुकलाय काका, दुसरा भरा" म्हटलं आणि पैसे काढायच्या स्लिपच्या मागे लिहिलं: 'फोनवर कोण आहे? पोलीस असं करत नाहीत.' त्यांनी वाचलं. पेन घेतलं, पण हात इतका थरथरत होता की अक्षर उमटेना. मग मीच फोन मागितला आणि बंद केला.

पैसे वाचले. आत केबिनमध्ये पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "बाई, पोलीस आता घरी येतील हो." अजून खरंच वाटत होतं त्यांना. मुलगा येईपर्यंत आम्ही त्यांना सोडलं नाही. बन्या आठवला तो रात्री. इतर लोक जे बघून सोडून देतात, तिथे तो थांबतो. मी त्या दिवशी थांबले, इतकंच.

निवृत्त पोलीस हवालदार, ठाणे

वरच्या ताईंना सलाम. पण बन्याचं एक मला कधी पटलं नाही. पठ्ठ्या आधी उडी घेतो आणि मग विचार करतो. गोष्टीत भागवत त्याला सोडवतात, रस्त्यावर कोण सोडवणार? मुलांनी पाठलाग करू नये. बाकी साक्षीदार म्हणून पोरंच भारी. मोठी माणसं "काळी गाडी होती साहेब" यापुढे जात नाहीत. पोरं सांगतात: मागची काच फुटलेली होती, नंबर प्लेटवर दादा लिहिलेलं होतं, गाडी पेट्रोल पंपाकडे वळली.

जुन्नर, शेतकरी

आमच्याकडे फुरसुंगी म्हटलं की कांदा. 'पुणे फुरसुंगी' हे रब्बीचं वाण, कांदाचाळीत चांगलं टिकतं. लहानपणी वाटायचं, बन्याच्या नावावरूनच कांद्याचं नाव ठेवलंय. शिकवण वगैरे काही नाही, फक्त बी घेताना अजून हसू येतं.

लातूर

मी वर्गात सगळ्यात हडकुळा होतो. 'काडी', 'अगरबत्ती', सगळी नावं पडून झाली. वाचनालयात हे पुस्तक हाती लागलं आणि चित्रातला नायक माझ्यासारखाच! तोवरचे सगळे नायक छातीवाले. माझी छाती नंतरही भरली नाही आणि शर्यतही कधी जिंकलो नाही. पण व्यायामशाळेतल्या लोकांना घाबरायचं बंद झालं. आता मी तालुक्याच्या शाळांत बुद्धिबळ शिकवतो. तिथे बारीक पोरं पुष्कळ असतात.

न्यू जर्सी

मुलाला रात्री मोठ्यानं वाचून दाखवते. त्याचे प्रश्न: बन्या आईला मेसेज का करत नाही? एकटा कसा गेला? हेल्मेट कुठंय? चीनच्या युद्धाच्या काळातली गोष्ट वाचताना तर सगळा इतिहास-भूगोल सांगावा लागला, त्यात माझीच उजळणी झाली. इथे शाळकरी पोराला कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा एकटं पाठवताना दहा विचार येतात. बन्या वाचल्यापासून हा मागे लागलाय, ग्रंथालयात सायकलनं एकटा जातो म्हणून. नवरा हो म्हणतोय. मी अजून नाही.

वाचा-उपचारतज्ज्ञ, नागपूर

मी 'ट्टॉक्' रोज वापरते! उशिरा बोलणाऱ्या मुलांना 'ट म्हण' सांगितलं तर ती तोंड मिटून घेतात. जीभ टाळूला चिकटवून 'ट्टॉक्' केलं की बहुतेक पोरं नक्कल करतात, कारण त्यांना तो खेळ वाटतो. निदान माझ्याकडे बघतात तरी. आईवडील चाळिशीतले असतील तर तेही करून बघतात, आणि बाबांचा 'ट्टॉक्' हमखास फसतो.

पुणे

सगळ्यांचं वाचलं. मला बन्यानं काहीही शिकवलेलं नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत गच्चीच्या जिन्यात बसून वाचायचो, आई जेवायला हाका मारायची, मी ओ द्यायचो नाही. मजा आली, संपलं. प्रत्येक पुस्तकानं शिकवलंच पाहिजे, हा धाक मुलांना वाचनापासून पळवतो. भागवतांना तो नव्हता, म्हणून तर आपण वाचलं.

निवृत्त हवालदार, पुन्हा

पुणेकर, मान्य. एक राहिलं. सांगलीच्या ताई, १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर काउंटरवर लावलाय का? पैसे गेले असतील तर लगेच फोन करावा लागतो. उशीर केला की ते एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जातात आणि मग हाती लागत नाहीत.

सांगली

लावलाय काका. आधीही होता, पण कॅलेंडरच्या मागे.