युद्धाला विरोध, सैनिकांची काळजी : या मनःस्थितीला काय म्हणावं?

प्रश्न : एखादं युद्ध चुकीचं आहे याची पक्की खात्री आहे. तरीही तिथे लढणाऱ्या आपल्या सैनिकांच्या जिवाला काही होऊ नये असं आतून वाटतं. ते हरावेत असं म्हणवत नाही आणि युद्ध जिंकलं जावं असंही म्हणवत नाही. याला नेमका शब्द कोणता? ‘द्विधा मनःस्थिती’ लिहून खोडलं. शिवाय ‘युद्धाला विरोध, सैनिकांना पाठिंबा’ हे वाक्य व्याकरणात बसूनही खटकतं. का?

प्रतिसाद : खोडलंत ते योग्यच केलंत. द्विधा मनःस्थितीत निर्णय व्हायचा असतो, तुमचं मत तर झालेलं आहे. ‘संभ्रम’ही नको, त्यात खरं काय तेच उमगत नसतं. ‘धर्मसंकट’ कसं वाटतं?

प्रतिसाद : धर्मसंकट त्या सैनिकाचं. शपथ घेतलेली, हुकूम आलेला आणि मन सांगतंय की हा अन्याय आहे. एक कर्तव्य पाळलं की दुसरं मोडतं. घरी बसून बातम्या पाहणाऱ्याला असं काही मोडावं लागत नाही, म्हणून तो शब्द आपण घेऊ नये असं मला फार वाटतं. आपली होते ती ‘घालमेल’. तिला निकाल लागलाच पाहिजे असं नसतं. दोन्ही भावना खऱ्या असतात आणि जीव त्यांच्यामध्ये खालीवर होत राहतो.

आता खटकण्याबद्दल. पाठिंबा आपण ठरावाला देतो, मागणीला, संपाला, उमेदवाराला. माणसाला दिला तरी तो त्याने घेतलेल्या भूमिकेला असतो. युद्ध करायचं की नाही हे सैनिक ठरवत नाही. त्यामुळे ‘सैनिकांना पाठिंबा’ म्हटलं की सरकारची भूमिका त्यांच्या नावावर चढते आणि आपला पाठिंबा नकळत युद्धालाच जाऊन मिळतो. इराक युद्धाच्या काळात, २००३ नंतर, अमेरिकेत हीच ओढाताण चालली होती. युद्धाचे समर्थक सैनिकांना पाठिंबा द्या म्हणत आणि विरोधकही तेच म्हणून पुढे जोडत, ‘त्यांना घरी आणा’. एकच शब्द दोन उलट मागण्यांना जुंपला होता.

‘पाठीशी असणं’ मात्र माणसाच्या असतं, तो ज्या कामावर धाडला गेला त्या कामाच्या नव्हे. ‘या युद्धाला माझा पाठिंबा नाही, सैनिकांच्या पाठीशी मी आहे.’ हे म्हणून पाहा, खटकणार नाही.

वॉशिंग्टनमधलं व्हिएतनाम युद्धाचं स्मारक याच भूमिकेतून उभं आहे. युद्धाबद्दल कोणतंही राजकीय विधान त्यात नसावं, अशी अट आराखड्याच्या स्पर्धेतच घातली होती. माया लिन यांनी काळ्या ग्रॅनाइटच्या भिंती सुचवल्या, १९८२ मध्ये त्या उभ्या राहिल्या. त्यांवर ५८,००० हून अधिक नावं आहेत. नावापुढे हुद्दा नाही, आणि क्रम वर्णमालेचा नाही, कोण कधी पडला त्याचा आहे. युद्ध बरोबर होतं की चूक, यावर भिंत काहीच बोलत नाही.

प्रतिसाद : आपल्याकडे गांधारी आठवा. युद्धाचे अठरा दिवस दुर्योधन जयाचा आशीर्वाद मागत होता आणि ती ‘यतो धर्मस्ततो जयः’ एवढंच म्हणत राहिली. तीच पुढे स्त्रीपर्वात त्याच्या देहाशी आक्रोश करते. तिने पाठिंबा दिला नाही, पण माया कमी केली असं कोण म्हणेल?

प्रतिसाद : ‘पाठीशी’ला एक मर्यादा हवी. व्हिएतनाम युद्धात, १६ मार्च १९६८ ला, तिथल्या माय लाय गावात अमेरिकी सैनिकांनी शेकडो निःशस्त्र गावकरी मारले. ह्यू थॉम्पसन या वैमानिकाने आपलं हेलिकॉप्टर पळणारे गावकरी आणि स्वतःच्याच देशाचे सैनिक यांच्या मध्ये उतरवलं. गावकऱ्यांवर गोळी झाडली तर त्या सैनिकांवर गोळ्या झाडा, असं त्याने साथीदारांना सांगितलं. पुढे १९७१ मध्ये त्या हत्याकांडातला अधिकारी लेफ्टनंट कॅली दोषी ठरला तेव्हा देशभरातून लोक कॅलीच्या बाजूने उभे राहिले. थॉम्पसनला देशद्रोही म्हणणारेही होते, त्याचं पदक यायला १९९८ उजाडलं. सैनिक दोघेही. मग कोणाच्या पाठीशी?

प्रतिसाद : कॅलीच्या बाबतीत झालं ती ‘पाठराखण’. हा शब्द पूर्वी सरळ आधाराचा होता, आता तो बहुतेक गैरकृत्यालाच चिकटतो : भ्रष्टाचाराची पाठराखण, गुन्हेगाराची पाठराखण. त्यात माणसाबरोबर त्याचं कृत्यही पोटात घातलं जातं. म्हणून पाठिंबा, पाठीशी असणं आणि पाठराखण हे तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत.

प्रश्नकर्ता : ‘घालमेल’ घेते. वाक्य असं केलं आहे : ‘या युद्धाला माझा पाठिंबा नाही. त्यात धाडलेल्यांच्या पाठीशी मी आहे, पण तिथे झालेल्या अत्याचारांची पाठराखण माझ्याकडून होणार नाही.’ ‘सैनिक’ऐवजी ‘धाडलेले’ मुद्दाम लिहिलं आहे. स्वखुशीने भरती झालेल्यांनाही ते लागू पडेल का?

प्रतिसाद : पडेल. भरती स्वखुशीची असली तरी कोणत्या युद्धावर जायचं हे त्यांच्या हाती नसतं.