कंस टाइप करायचे नाहीत, पण ‘ॲड’ मात्र करायचा

भाऊ, तुम्ही विचारलंय की सिस्को स्विचच्या, म्हणजे नेटवर्क जोडणाऱ्या पेटीच्या, कमांडांमध्ये चौकोनी आणि महिरपी कंस छापलेले असतात, ते टाइप करायचे का. नाही. महिरपी कंसातलं एक काहीतरी द्यावंच लागतं, चौकोनी कंसातलं नाही दिलं तरी कमांड चालते. उभी रेघ म्हणजे यातलं एकच.

पण चालते म्हणजे तुम्हाला हवं तेच करते असं नाही. रावेरकडच्या एका केळीच्या कोल्ड स्टोरेजचा स्विच मी जळगावात बसून सेट करत होतो. व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचवर पाडलेली वेगळी नेटवर्कं, आणि ट्रंक म्हणजे ती सगळी नेणारी जोडणी. ट्रंकवर व्हीलॅन १० आणि २० चालू होते, ३० वाढवायचा होता. ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०’ लिहून एंटर मारलं. ३०च्या आधी ‘ॲड’ लिहायचं राहिलं, जुनी यादी गेली आणि एकटा ३० उरला. मी १० मधूनच आत शिरलेलो, त्यामुळे स्क्रीन जागच्या जागी थिजली. मे महिन्याच्या उन्हात गाडी काढली, तिथे जाऊन कन्सोल केबल, म्हणजे थेट स्विचमध्ये जाणारी तार, लावली तेव्हा कुठे सुटलो.

आता लांबून काम असलं की आधी सेव्ह करतो, मग ‘रिलोड इन १०’ देतो. जोडणी तुटलीच तर दहा मिनिटांनी स्विच जुन्या सेटिंगवर उठतो. सगळं नीट असेल तर ‘रिलोड कॅन्सल’, नंतरच नवा बदल सेव्ह.

आणि प्रश्नचिन्ह वापरत जा, भाऊ. ‘व्हीलॅन’नंतर जागा सोडून ते दाबलं असतं, तर ‘ॲड’ समोरच दिसला असता.