चमत्काराला कारण चिकटवलं की पुराणकादंबरीतला जीव जातो

अश्वत्थ

देवादिकांवरच्या कल्पनारम्य कादंबऱ्यांचं सध्या पेव फुटलंय. माझी तक्रार अशी की यातल्या बहुतेकांना चमत्काराची लाज वाटते. २०१० साली अमीश त्रिपाठींचं 'द इमॉर्टल्स ऑफ मेलुहा' आलं. त्यातला शिव तिबेटातल्या एका टोळीचा नायक आहे, सोमरस प्यायल्यावर त्याचा गळा निळा पडतो. नाग म्हणजे शारीरिक व्यंग घेऊन जन्मलेली माणसं. सगळ्याला कारण आहे.

आता पुराणातला प्रसंग बघा. समुद्रमंथनातून हलाहल वर येतं, देव-दानव दोघंही पळत सुटतात, आणि एकटा शंकर ते विष ओंजळीत घेऊन पितो. कादंबरीतला शिव समोर आलेलं औषध पितो. चमत्कार गेला ते एक वेळ सोडून देऊ, पण विष पत्करणंच गेलं! मग निळा कंठ ठेवलाच कशाला?

आपल्याकडे याच्या अगदी उलटी रीत होती. गुणाढ्याची गोष्ट घ्या. सातवाहन राजाने त्याची सात लाख श्लोकांची, पैशाची नावाच्या प्राकृत भाषेतली बृहत्कथा झिडकारली. गुणाढ्य रानात गेला, अग्नी पेटवला आणि एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवून जाळू लागला. जनावरं चरायचं सोडून डोळ्यांत पाणी आणून ऐकत बसली. इकडे राजा आजारी पडला, कारण मुदपाकखान्यात येणारं मांस सुकलेलं. आचाऱ्यांनी पारध्यांवर ढकललं, पारध्यांनी रानातला प्रकार सांगितला. राजा धावत पोचेपर्यंत सहा लाख श्लोक जळून गेले होते. ही गोष्ट कथासरित्सागरात आहे आणि तिला कसल्याही खुलाशाची गरज नाही. असं लिहिणारं आज कोण आहे?

सांजवेळ

साफ असहमत. माझ्यासारख्या कित्येकांनी ही पुस्तकं वाचल्यावर मग शिवपुराण उघडलं. चुकणारा, गोंधळणारा, बायकोवर जीव टाकणारा शिव त्यांना जवळचा वाटला. आणि चमत्कार काढून टाकणं हे काही अमीशनी सुरू केलेलं नाही. इरावतीबाई कर्व्यांचं महाभारतावरचं 'युगान्त' १९६७ सालचं. युधिष्ठिर हा विदुराचा मुलगा असावा, असं त्यात सरळ मांडलंय. यमधर्म वगैरे बाजूला. ते आपण डोक्यावर घेतलं ना? मग लोकप्रिय कादंबरीने तेच केलं की नाक का मुरडायचं?

अश्वत्थ

खपाबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण खांडववन जाळल्याचं प्रकरण 'युगान्त'मध्ये पुन्हा वाचा. अग्नीला भूक लागली होती हे कारण बाईंनी बाजूला सारलं, तेव्हा मागे उरली ती कृष्णार्जुनांनी केलेली कत्तल. वाचून झोप उडते. देव काढल्यावर माणसांवरची जबाबदारी वाढली. मेलुहात देव काढल्यावर हातात येतं एक औषध आणि त्याचे दुष्परिणाम. शिवाय 'युगान्त' हे लेख आहेत. कादंबरीकाराला अद्भुताची मुभा असताना त्याने ती का नाकारावी?

जातं_आणि_ओवी

तुम्ही दोघंही पोथीतल्या पुराणावर भांडताय. बायकांनी जात्यावर जे रामायण रचलं ते बघा की जरा. तिथे कैकेयी ही खाष्ट सासू. ती सीतेला म्हणते, रावण कसा होता ते काढून दाखव. सीतेने खाली मान घातलेली, तिने पाहिला असतो फक्त त्याचा अंगठा, तेवढाच ती काढते. सासू उरलेला रावण पुरा करते आणि रामाला दाखवते. सीतेला वनवास! वाल्मीकीत यातलं काहीही नाही. पण ज्या बाईने सासरी खोटा आळ सोसलाय तिला हे कोणी समजावून सांगावं लागत नाही.

यवतमाळ जिल्ह्यात राळेगावजवळ रावेरीला सीतेचं देऊळ आहे, शेजारी राम नाही. गरोदरपणात सोडून दिलेल्या सीतेला बाळंतपणानंतर गावाने पसाभर गहू नाकारले, म्हणून तिने शाप दिला आणि तिथे गहू पिकेना, असं सांगतात. शेतकरी नेते शरद जोशींनी पुढाकार घेऊन त्या देवळाचा जीर्णोद्धार केला. टाकलेल्या बाईची पहिली मागणी धान्याची असते, हे कुठल्या कादंबरीकाराला सुचलंय? मला कल्पनारम्य कादंबरीकडून हे धाडस हवंय. मुळाला धरून आहे की नाही, याची फिकीर जात्यावरच्या बायकांनी कधी केली नाही. रथाच्या कण्यात बोट घालणारी कैकेयी आपण लहानपणापासून ऐकतो, तीही वाल्मीकीत नाही. तिथे ती जखमी दशरथाला रणातून बाहेर काढते, एवढंच.

कातळकडा

लोककथा हवी म्हणणं सोपं आहे. मी वेंगुर्ल्याकडचा. आमच्या आरवलीचा वेतोबा, म्हणजे वेताळच, रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून त्याला भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात. त्या झिजतात, असं लोक सांगतात. नवसाला केळ्यांचे घड. पण गोष्टींच्या पुस्तकात वेताळ आला की तो झाडाला लोंबकळणारा, प्रेतात शिरणारा, नाहीतर नायकाच्या तलवारीने मरणारा राक्षस. गाऱ्हाणं घालताना अख्खं गाव "व्हय म्हाराजा" म्हणतं, त्या देवाला तुम्ही गुहेतला खलनायक करणार आणि वर लोकपरंपरेचा गौरव म्हणणार? मला ते चालत नाही. जिथे पूजा चालू आहे तिथे लेखकाने विचार करूनच पाय टाकावा.

पाणकळा

मग नवा देव घडवा! २०१८च्या 'तुंबाड'मधला हस्तर कुठल्याही पुराणात नाही. सोनं मिळालं, पण धान्यापासून तोडलेला, कायमचा भुकेला देव. त्याला भुलवायला पिठाची बाहुली न्यायची आणि तो त्यावर तुटून पडला की मोहरा ओढायच्या. चित्रपट संपल्यावर लोक ही कथा कोणत्या पुराणातली म्हणून शोधत होते. कारण पाऊस, वाडा, गुपित जपणारी म्हातारी, सगळं आपलं होतं. मराठी कादंबरीने हे का करू नये? कोणाच्या श्रद्धेला धक्का नाही आणि लेखकाला पूर्ण मोकळीक.

जातं_आणि_ओवी

पाणकळा, हस्तर आवडला. पण सगळेच नवे देव घडवायला लागले तर साती आसरा, म्हसोबा, जाखाई यांच्यावर लिहिणार कोण? विहिरीच्या काठावर शेंदूर लावलेले सात दगड आजही आहेत. धक्का लागेल म्हणून लेखक लांब राहिले, तर पुढच्या पिढीला त्या आसरा भुताच्या व्हिडिओंतूनच कळणार.

कातळकडा

लांब राहा असं मी म्हटलेलं नाही. आधी तिथल्या माणसांत बसा, त्यांच्या तोंडून ऐका. म्हसोबा शेताच्या बांधावर का असतो आणि त्याला कोण काय देतं, हे ठाऊक नसताना त्याच्या हाती जादूची काठी देऊ नका.

सांजवेळ

म्हणजे कादंबरी लिहायला आता गावाची परवानगी घ्यायची? मग अश्वत्थ यांना हवी तशी बेधडक, खुलासा न देणारी गोष्ट कोणी लिहिणारच नाही. गुणाढ्याने रानात सांगितलेली कथा कोणाला विचारून सांगितली होती?