सॅमंड : हरलेला नेता?

स्कॉटलंडचे माजी फर्स्ट मिनिस्टर (सरकारप्रमुख) अॅलेक्स सॅमंड 2014चं स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याचं सार्वमत हरले, म्हणजे त्यांची कारकीर्दच फसली, असं काही जण म्हणतात, ते मला काही पटलं नाही. स्वातंत्र्याच्या बाजूने 45 टक्के मतं ही काय साधी गोष्ट आहे का? सॅमंड 1990 साली स्कॉटिश नॅशनल पार्टीचे (एसएनपी) नेते झाले तेव्हा स्वतंत्र स्कॉटलंडची भाषा बरेच जण हसण्यावारी नेत.

मला जास्त रस आहे तो 2007 ते 2011 या काळात. 129 जागांच्या स्कॉटिश संसदेत एसएनपीच्या 47, मजूर पक्षाच्या 46. एका जागेच्या आघाडीवर, आघाडी सरकार न करता, हा माणूस चार वर्षं रेटून गेला. जानेवारी 2009मध्ये तर अर्थसंकल्पच पडला! घरांच्या इन्सुलेशनसाठीच्या निधीवरून ग्रीन पक्षाचे दोघं बिनसले, मतं 64-64, आणि सभापतींचं निर्णायक मत विरोधात गेलं. सॅमंडनी लगेच निवडणुकीची धमकी दिली. आठवड्याभरात जवळपास तोच अर्थसंकल्प प्रचंड बहुमताने मंजूर. मुरलेला राजकारणी म्हणतात तो असा.

पुढे 2011ला 69 जागा, तेही कुणा एकाला बहुमत मिळणं कठीण अशा निवडणूक पद्धतीत. त्या बहुमताशिवाय ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान कॅमेरॉन सार्वमताला राजी झालेच नसते.

नंतरची वर्षं मात्र कडवट. लैंगिक अत्याचाराच्या आरोपांच्या खटल्यातून 2020मध्ये निर्दोष सुटले, पण त्यांच्यानंतर पक्षनेत्या झालेल्या निकोला स्टर्जन यांच्याशी फाटलं ते फाटलंच. सॅमंड यांच्या नव्या अल्बा पक्षाने 2021च्या स्कॉटिश संसदेच्या निवडणुकीत एकही जागा जिंकली नाही. तो खटाटोप नसता केला तर बरं झालं असतं.