हक्कसोड पत्रावर सही केलीय का कधी? अनुभव लिहा

रानजाई
परवा चुलत बहिणीचा फोन. "ताई, बुधवारी रजिस्ट्रार ऑफिसला जायचंय, आधार आणि फोटो घेऊन ये म्हणालाय दादा. काय असतं गं ते?" आणि मला आमचं सगळं आठवलं. बाबांचं वर्षश्राद्ध उरकलं आणि लगेच पुढच्या आठवड्यात तारीख. दस्तात काय लिहिलेलं, तर मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दबावाशिवाय आणि मोबदला न घेता वडिलांच्या जमिनीतला माझा हक्क भावाच्या नावे सोडते आहे. तो दस्त मी पहिल्यांदा पाहिला अंगठ्याच्या मशीनसमोर, तोही उलटा, कारण कागद टेबलापलीकडे क्लार्कपुढे होता. त्याने बिचाऱ्याने विचारलं, "मॅडम, कशावर सही करताय माहितीये ना?" मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "हो हो, शिकलेली आहे ती."

भावावर राग नाही. जमीन तोच कसतो, आईचं सगळं वहिनी करते. मला नीट विचारलं असतं तर बहुतेक मी हेच केलं असतं. पण विचारलं नाही ना कोणी! ते अजून टोचतं. तुमच्याकडे कसं झालं? भावांनीही लिहा, फक्त बहिणींचं रडगाणं नकोय.

चहाबाज
सविस्तर नंतर लिहितो, कुकर लावलाय. आधी त्या बहिणीला सांगा की मसुदा आजच व्हॉट्सॅपवर मागव. बुधवारी तिथे वाचायला कोणी वेळ देत नाही.

उंबरठा
आमच्याकडे मसुदा वगैरे काही नाही. "अक्का, इथं कर" एवढंच. केली.

पांदीवरचा
मी भाऊपार्टी. बहिणी तीन. धाकट्या दोघींनी सही दिली, थोरली म्हणाली, देणार नाही. गावात नुसती बोंब. पारावर लोकं मला विचारायची, काय रं, बहीण कोर्टात नेणार म्हणं? कोर्टाचं नाव पण काढलं नव्हतं तिनं. आई तर दोन महिने तिच्याशी नीट बोलली नाही, ह्याचं मला आता वाईट वाटतंय. भाऊबीजेला ती नेहमीसारखी आली, डबाभर चकल्या घेऊन, आणि ओवाळून झाल्यावर म्हणाली, "माझा तुकडा तूच कर, मला वर्षाचे गहू दे. पण सातबाऱ्यावर नाव राहू दे." नाव लागलं. काय आभाळ कोसळलं नाही. पीककर्जाला तिची सही लागते आणि ती सही करायला येताना मला आधी दहा प्रश्न विचारते, तेवढाच त्रास.

धाकट्या दोघी आता म्हणतात, आमचंबी ऱ्हायला पायजे होतं. काय बोलू?

रानजाई
@पांदीवरचा, थोरलीला माझा नमस्कार सांगा 🙏

काळाकोट
वकील आहे, थोडं कामाचं लिहितो. नोटरी केलेलं हक्कसोड स्थावर मालमत्तेला चालत नाही. 1908 च्या नोंदणी कायद्याच्या कलम 17 प्रमाणे दस्त नोंदवावाच लागतो. हक्क सोडायचा तो सहहिस्सेदाराच्याच नावे. भाच्याला द्यायचं असेल तर ते बक्षीसपत्र, त्याचा हिशेब वेगळा. वडिलांची स्वकष्टार्जित जमीन असेल आणि वडील हयात असतील, तर मुलीला सोडायला हक्कच नाही, कारण तो अजून जन्मलेलाच नाही. तरी लोक लिहून घेतात! वडिलोपार्जितचं निराळं. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलगी जन्मापासून मुलासारखीच सहदायाद, म्हणजे जन्मानेच वाटेकरी, आणि दुरुस्ती लागू झाली त्या तारखेला वडील हयात हवेत असं नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. महाराष्ट्राने 1994 लाच मुलींना हा हक्क दिला होता, पण तेव्हा ज्यांची लग्नं आधीच झाली होती त्यांना वगळून.

एकदा नोंदवलेलं हक्कसोड "मन बदललं" म्हणून मागे घेता येत नाही. फसवणूक किंवा जबरदस्ती झाली असेल तर कोर्टातून रद्द करून घ्यायचं, आणि ते कळल्यापासून 3 वर्षांच्या आत. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक ताया त्यानंतरच येतात.

वेंधळी
अक्कलहुशारीने 😂 आमच्या दस्तावर माझा जो फोटो आलाय तो बघून कोणी म्हणणार नाही की ही बाई अक्कलहुशारीत होती.

चहाबाज
@वेंधळी, तो वेबकॅमवाला फोटो सगळ्यांचाच तसा येतो. कुटुंबातले सगळे फरार आरोपी वाटतात.

उंबरठा
मग फोटो घेऊन यायला का सांगतात??

वेंधळी
सवय.

निनावी_यावेळी
जमिनीचं नाही, पण लिहिते. संमतीने घटस्फोट घेतला तेव्हा मी पोटगी नको म्हणून लिहून दिलं. घरचे सगळे विरोधात. आई म्हणाली, हक्काचं सोडतेस, वेडी आहेस. मला त्या माणसाकडून दर महिन्याला काहीही यायला नको होतं, मेसेजसुद्धा. न्यायाधीश बाईंनी सगळ्यांना मागे बसवलं आणि मलाच पुढे बोलावून विचारलं, घरखर्च कसा चालवणार, नोकरी पक्की आहे का. मी पगाराचा आकडा सांगितला. मग परत विचारलं, नक्की ना? मी हो म्हणाले. तो हो माझा होता, म्हणून कधी त्रास झाला नाही. इकडे वरच्या ताईंचा हो काकांनी म्हटला, फरक तिथे आहे असं मला वाटतं.

मुलीच्या खर्चाचंही मी सोडायला निघाले होते. तेव्हा माझ्या वकीलबाई कडाडल्या, "तो तुझा नाहीये, तिचा आहे. तू कोण सोडणारी?"

रानजाई
@निनावी, हे वाचून थांबलेच. मिठी तुला.

गॅसबत्ती
मी 2015 साली गॅसची सबसिडी सोडली होती. धन्यवादाचा मेसेज आला होता. वडिलांचं घर सोडलं तेव्हा भावाकडून तेवढाही नाही आला.

पांदीवरचा
🤣🤣 भावाला लिंक पाठवा

सातासमुद्रापार
नागरिकत्वच सोडलं मी. फॉर्म भरला, जुना पासपोर्ट रद्दचा शिक्का मारून परत आला, झालं. मतदानाच्या दिवशी इथे बसून बातम्या बघतो तेव्हा चुटपुट लागते. शेतजमीन आता विकत घेता येत नाही, वारसाने आलेली मात्र राहते. मोठ्या काकांना वाटलं, याचं नाव आपोआप गेलं. नाही हो गेलं!

माहेरवाशीण
सध्या कुणी सही करायच्या तयारीत असेल तर माझं ऐका. मी भावाच्या नावे नाही सोडलं, आईच्या नावे सोडलं. तीही वारस, चालतं. भाऊ आठवडाभर घुम्यासारखा बसला. पण आईला आता घरात विचारून भाजी होते. आधी तिच्यासमोर घर विकायच्या गप्पा चालायच्या, ती पाणी आणून द्यायची सगळ्यांना. आता त्या गप्पा तिला धरून होतात आणि ती दोनदा नाही म्हणालीये.

काळाकोट
@माहेरवाशीण, उत्तम. फक्त आईने मृत्युपत्र केलं नाही तर तिच्या मागे तुम्ही दोघं पुन्हा सारखे वारस, हे भावाला माहीत असू द्या.

माहेरवाशीण
माहीत आहे म्हणूनच घुम्यासारखा बसला.

उंबरठा
तलाठ्याची नोटीस येते ना फेरफाराच्या, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलायच्या वेळी? तिच्यावर हरकत घेता येते का? विचारून ठेवते आपलं.

काळाकोट
@उंबरठा, नोटिशीनंतर 15 दिवसांत लेखी हरकत घेता येते. पण नोंदवलेला दस्त समोर असताना नुसत्या हरकतीने तो रद्द होत नाही, त्यासाठी दिवाणी कोर्टच. तुमचं प्रकरण किती जुनं?

उंबरठा
इथे नको, व्यनि (खाजगी निरोप) करते.

वेंधळी
सासऱ्यांच्या फ्लॅटला दीर नॉमिनी आहेत, म्हणजे फ्लॅट त्यांचाच का? सोसायटीवाले तसं म्हणतायत.

काळाकोट
नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. आता कोर्टात पुकारा होतोय, रात्री लिहितो.

चहाबाज
ताई, त्याला नवीन धागा काढा, दीर प्रकरण मोठं दिसतंय. माझा कुकर झाला, वरण करपलं.